मोजणीत न आलेला माळ

जालना जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही. जंगल म्हणावं असं क्षेत्र इतकं थोडं आहे, की राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांची यादी काढली तर जालन्याचं नाव चुकत नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा सळई, बियाणं आणि मोसंबी या तीन गोष्टींसाठी ओळखला जातो. वन्यजीव हा विषय इथे पाठ्यपुस्तकातला किंवा ताडोब्याच्या सहलीतला. पण वर्तमानपत्राचं तालुक्याचं पान उघडा, वेगळाच जिल्हा दिसतो. कोवळ्या हरभऱ्यावर हरणांचे कळप उतरलेले असतात, रोह्यांनी म्हणजे नीलगायींनी कापूस तुडवलेला असतो, रानडुकरांनी एका रात्रीत मका आडवा केलेला असतो, गोदाकाठच्या उसात बिबट्या दिसलेला असतो आणि कुठल्या तरी कठडा नसलेल्या विहिरीत पडलेलं हरीण गावकऱ्यांनी दोर-बाज सोडून वर काढलेलं असतं. जंगलच नाही तर हे प्राणी राहतात कुठे? सौर प्रकल्प, वीजवाहिन्या आणि द्रुतगती महामार्ग यांनी या जिल्ह्याचा नकाशा नव्याने आखला जात असताना हा प्रश्न कुठल्याच कार्यालयाच्या टेबलावर नाही, आणि त्याचा दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नसून आपण जमीन ज्या पद्धतीने मोजतो त्या पद्धतीचा आहे, असं मला वाटतं.

उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या बाजूने अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला अंबड-घनसावंगी-परतूरच्या कडेने गोदावरी, मधून पूर्णा, दुधना, गिरजा, कुंडलिका. नद्यांच्या अंगाला काळी कसदार जमीन आणि दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर खडकाळ, मुरमाड बरड. या बरडावर गवत येतं, बोरी-बाभळी, हिवर आणि तरवड येतात, मोठं झाड क्वचितच येतं. शाळेत आपण शिकलो की झाडं तोडली म्हणून असे माळ उघडे पडले. काही ठिकाणी ते खरंही असेल, पण कमी पावसाच्या दख्खनी पठारावरचा माळ ही मुळात स्वतंत्र, जुनी परिसंस्था आहे. काळवीट हा प्राणीच त्याचा पुरावा मानावा. डोळे आणि पाय ही त्याची दोन शस्त्रं. लांबवरून लांडगा दिसला पाहिजे आणि दिसल्यावर अडथळा न येता धावता आलं पाहिजे. दाट झाडीत हा प्राणी घडलाच नसता. खोकड, लांडगा, तरस, घोरपड, जमिनीवर घरटं करणारे चंडोल आणि धाविक ही सगळी उघड्या रानाचीच प्रजा. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या अभ्यासकांनी २०२२ मध्ये देशातल्या निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर ही रानं आहेत. त्यांतली ५ टक्क्यांहून कमी संरक्षित क्षेत्रांत येतात. आणि जवळपास ७० टक्के रानांची नोंद सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात आहे. म्हणजे जिथे काळवीट नांदतं, ती जमीन कागदावर वापराविना पडून राहिलेली आहे. वापर करणारा प्राणी सातबाऱ्यावर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्राण्याचं घर केवळ जागेत नसतं, वेळेतही असतं. केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरच्या ७६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण मांडलं. माणसाचा वावर वाढला की प्राणी आपला दिनक्रम रात्रीकडे सरकवतात, आणि हा कल सरासरी १.३६ पट वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. वावर शिकाऱ्याचा असो की नुसत्या पायी फिरणाऱ्याचा, परिणाम एकाच दिशेचा. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे दिवसा शिवाराचा एकही कोपरा माणसाविना नसतो, तिथे रोही आणि डुक्कर हे रात्रीचे रहिवासी झाले याचं नवल नाही. दिवसभर एखाद्या नाल्याच्या घळीत, गायरानाच्या झुडपात, पाझर तलावाच्या मागच्या बाजूला पडून राहायचं आणि अंधार पडला की पिकाकडे निघायचं. गायरानाचं महत्त्व चाऱ्यापुरतं नाही ते यामुळेच. ज्याला चरायला शेत मिळतं, त्यालाही दिवस काढायला जागा लागते.

ही व्यवस्था अनादि नाही, गेल्या पन्नास वर्षांतली आहे, आणि तिच्यामागे वीज आहे. ऊर्जाविकास म्हटलं की पवनचक्की आणि सौरपट्ट्या डोळ्यांपुढे येतात. जालन्याचा माळ मात्र पहिल्यांदा बदलला तो विहिरीवर बसलेल्या विजेच्या मोटरीने. मोटर आली, बोअर आला, बरडावर मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचा डावा कालवा दक्षिणेच्या तालुक्यांतून गेला आणि त्याच्या पाण्यावर ऊस आला. वर्षभर उभं राहणारं, माणूस आत न शिरणारं, ओलं आणि दाट असं रान मराठवाड्याच्या या भागात पूर्वी नव्हतं. रानडुक्कर, कोल्हा आणि बिबट्या यांना ते मानवलं. काळवीट आणि खोकड यांच्या ते कामाचं नव्हतं. पाणलोटाच्या कामासाठी आणि द्राक्षबागांसाठी नावाजलेल्या कडवंची गावाने दुष्काळी भागाला शेततळ्याचा मार्ग दाखवला. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची हजारो झाडं वाळताना पाहिलेल्या जिल्ह्याला त्या मार्गाची किंमत सांगायला नको. पण प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या तळ्याच्या उतारावर खूर ठरत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. उतारावर दोर बांधलेली जाळी किंवा काथ्याची पट्टी टाकली तर ते वाचू शकतं. खर्च फारसा नाही, पण अनुदानाच्या अंदाजपत्रकात ही बाब नसली तर ती कोण करणार?

विजेने केलेली दुसरी गोष्ट वेळेची. शेतीपंपाला थ्री फेज लाईट चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला शिवारात जातो. माणसाला टाळण्यासाठी जनावरांनी रात्र निवडली आणि वेळापत्रकाने माणसाला त्याच रात्री त्याच शिवारात नेऊन उभं केलं. गोदाकाठी बिबट्याची जी भीती आहे, तिचा मोठा भाग बिबट्याच्या संख्येतून नव्हे तर या वेळेच्या गाठीतून येतो. साप चावण्याच्या आणि रानडुकराच्या हल्ल्याच्या कित्येक घटना याच वेळच्या. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या ती माणसाच्या जिवासाठी. तिच्यात जनावरांचंही हित आहे, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही.

म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेकडे सरधोपट विरोधाने पाहता येत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात आली. शेतीच्या फीडरना दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्यभरात १६,००० मेगावॉट उभारण्याचं तिचं लक्ष्य. या टप्प्यातला पहिला प्रकल्प शेजारच्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॉटचा. कोळसा जाळावा लागत नाही, लांबून वीज आणताना होणारी गळती कमी होते आणि शेतकरी रात्री घरी झोपतो. शेतकरी रात्री घरी राहिला तर शिवाराची रात्र पुन्हा जनावरांची होते, आणि माणूस-जनावराची गाठ आपोआप कमी पडते. वन्यजीवांच्या बाजूने विचार करणाऱ्याने या योजनेचं स्वागत करायला हवं, आणि मी ते करतो. अडचण पुढच्या पायरीवर आहे.

एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे १६,००० मेगावॉटला ६४ ते ८० हजार एकर. ही जमीन कुठेही चालत नाही. ती वीज उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत लागते, सलग लागते, सपाट लागते आणि लवकर लागते. खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ द्यायची, असा दर आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते. साहजिकच पहिली नजर सरकारी जमिनीवर जाते, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. काळ्या जमिनीचा मालक असतो, भाव असतो, पीक असतं. बरडावरच्या गायरानाला यांतलं काहीच नसतं. हिशेब कागदावर चोख आहे, आणि चूक याच चोखपणात आहे. ज्या जमिनीची किंमत शून्य धरली, तिथून जे जातं त्याचीही किंमत शून्यच निघते.

ही तूट कायद्यालाही दिसत नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना खाणींना, धरणांना, औष्णिक केंद्रांना लागू आहे. फोटोव्होल्टाइक सौर प्रकल्पांना केंद्राने त्यातून वगळलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सौर आणि पवन ऊर्जा ‘पांढऱ्या’ गटात आहेत, म्हणजे जवळपास प्रदूषणरहित. धुराच्या हिशेबाने हे बरोबर आहे. सौरपट्टी धूर सोडत नाही. पण ती जागा घेते, भोवती कुंपण घेते आणि तिथून निघणारी तार घेते, आणि या तिन्हींचं मोजमाप प्रदूषणाच्या मापाने होत नाही. प्रकल्प एकेका गावात दोन-चार मेगावॉटचा असल्यामुळे प्रत्येक सुटा पाहिला तर किरकोळच वाटतो. एका तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांभोवतीची गायरानं एकत्र मांडून पाहणारी यंत्रणाच नाही.

अशी जागा गेल्याने प्राण्यांच्या वागण्यात काय फरक पडतो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा आहे. तिथल्या पवनचक्क्यांच्या परिसरात मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेलं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांश. ते कमी झाल्यामुळे रंगीत गळ्याचा सरडा ‘सरडा सुपर्बा’ संख्येने वाढला. पण गर्दीत त्याची अंगकाठी खालावली, गळ्याचा रंग फिका पडला, रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं आणि माणूस जवळ आला तरी तो पूर्वीसारखा पळेनासा झाला. म्हणजे पवनचक्कीने सरड्याला काहीच केलं नाही; तिने घारी-ससाणे हटवले आणि सरड्याचा स्वभाव बदलला. यंत्राचा परिणाम मेलेल्या जनावरांच्या आकड्यात शोधणाऱ्याला हे दिसलं नसतं. बीड आणि धाराशिवच्या पठारांवर आज पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, तिथे कमी झालेल्या पक्ष्यांची मोजदाद कोण ठेवतं?

सौरपट्ट्यांच्या बाबतीत जालन्याला अधिक जवळचा दाखला मात्र अमेरिकेतला आहे. वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्न नावाचा काळविटासारखाच उघड्या रानात धावणारा प्राणी राहतो, आणि कुंपण उडी मारून ओलांडायला तो नाखूश असतो. हॅल सॉयर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुंपण घातलेल्या सौर प्रकल्पाचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला. कळपांचा वहिवाटीचा भाग कुंपणाच्या आत गेला, आणि कळप कुंपणाच्या कडेकडेने, रस्त्याच्या अंगाला ढकलले गेले. त्याच राज्यातल्या एका नैसर्गिक वायुक्षेत्रात सॉयर यांनी म्यूल डिअर या हरणाचा पाठपुरावा जवळपास दोन दशकं केला होता. विहिरींची कामं आटोपली, वाहतूक कमी झाली, कंपनीने उपाययोजनाही केल्या. हरणांना सवय होईल अशी अपेक्षा होती. ती झाली नाही. हरणं विहिरींपासून पूर्वीपेक्षा सरासरी सुमारे ९०० मीटर अधिक लांब राहिली आणि त्यांची संख्या ३६ टक्क्यांनी घटली. ‘होईल सवय’ हे आपल्याकडे प्रत्येक प्रकल्पाच्या बैठकीत ऐकू येणारं वाक्य आहे. त्यामुळे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा.

सवय मात्र काहींना होते, आणि कोणाला होते यातच शेतकऱ्याचं नुकसान दडलं आहे. काळवीट, खोकड, चंडोल, लांडगा यांच्या गरजा ठरलेल्या. रान गेलं की तेही जातात. रोही आणि रानडुक्कर यांचं तसं नाही. त्यांना पिकात चरता येतं, उसात लपता येतं, कुंपणाखालून घुसता येतं किंवा त्यावर धडक देता येते. दिवसाचा आसरा असलेलं गायरान पट्ट्यांखाली गेलं की रोही नाहीसे होत नाहीत, ते शेजारच्या तुरीत दिवस काढू लागतात. लांडगा आणि तरस गेले की डुकराच्या पिलांना धाक उरत नाही. म्हणजे माळ गमावताना आपण ज्या प्राण्यांचा कुणाला त्रास नव्हता त्यांना घालवतो आणि ज्यांचा त्रास होता त्यांना शेताच्या आणखी जवळ आणतो. मग जागल येते, झटका मशीन येतं, आणि कुठे कुठे कुंपणात थेट घरगुती लाईन सोडण्याचा गुन्हा, ज्यात जनावराबरोबर माणसंही मेली आहेत. सौर प्रकल्पाच्या जमाखर्चात यांतला एक रुपयाही येत नाही. तो पडतो लगतच्या गटनंबरातल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर, ज्याला त्या प्रकल्पाचं भाडं मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो क्षेत्रफळाचा. राज्याच्या एकूण जमिनीपुढे ८० हजार एकर म्हणजे किती? शेतीने, उसाने, शहरांनी याहून कितीतरी पट रान खाल्लं आहे. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो उलटा वाचायला हवा. जवळजवळ सगळं गेल्यावर जे उरलं आहे, ते तुकड्यातुकड्यांनी गायरानं, वनखात्याचे छोटे पट्टे आणि नाल्याकाठची झुडपं यांत उरलं आहे. गळक्या घरात एकच कोरडा कोपरा उरला असेल तर त्याचं मोल चौरस फुटांवर ठरत नाही. उरलेले तुकडे एकमेकांशी जोडलेले असतील तोवर प्राणी ये-जा करतो. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या वाटेचा मोठा हिस्सा शेतं आणि माळ यांचाच होता. ज्ञानगंगा ते गौताळा ही अजिंठ्याची रांग जालन्याच्या उत्तर सीमेलगत जाते. वाघासाठी जालना हा मुक्काम नव्हे. पण असे वाटसरू इथल्या तुकड्यांवरच अवलंबून असतात.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो, आणि तो जास्त टोकदार आहे. गायरानात आता आहे तरी काय? गवत शेळ्या-मेंढ्यांनी चरून जमिनीला लावलं, मुरूम खणून नेला, अर्ध्या भागावर अतिक्रमण झालं. तिथे काही उभं राहून गावाला उत्पन्न मिळालं तर बिघडलं काय? इथे एक सामाजिक गाठ आहे, ती सोडून पुढे जाता येत नाही. मराठवाड्यातलं गायरान हे भूमिहीनांच्या, विशेषतः दलितांच्या, जमिनीच्या लढ्याचं क्षेत्र आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने हा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि पुढे राज्य सरकारने १९९० पर्यंतची काही अतिक्रमणं नियमित करण्याचे निर्णयही घेतले. त्यामुळे ‘रिकामं गायरान’ ही समजूत माणसांच्या बाबतीतही खोटी आहे. कुणाची दोन एकर वहीत, कुणाच्या मेंढ्यांचा मुक्काम, कुणाचं सरपण. त्या माणसांना हटवून काळविटांना जागा द्यावी, असं माझं म्हणणं नाही. गायरानावर आधीपासून अनेकांचे हक्क गुंतलेले असताना ते मोकळं आहे असं गृहीत धरून करार करणं, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे. राहिला प्रश्न चरून बोडकं झालेल्या गवताचा. काळविटाला आखूड गवतच मानवतं, आणि दख्खनच्या लांडग्याचं अन्न मोठ्या प्रमाणावर धनगरांची मेंढरंच राहिलेली आहेत. मेंढपाळ, मेंढरू आणि लांडगा यांचं नातं भांडणाचं असलं तरी ते याच माळावरचं आहे.

तिसरा आक्षेप ऊर्जेच्या बाजूने. हवामान बदललं तर काळवीटही वाचणार नाही. सौर ऊर्जेला खीळ घालणं म्हणजे दुष्काळ ओढवून घेणं. दुष्काळ म्हणजे काय हे जालन्याला शिकवायला नको, आणि सौर ऊर्जा हवीच याविषयी वादही नाही. पण ‘हवी की नको’ हा प्रश्न पुढे करून ‘कुठे आणि कशी’ हा प्रश्न मागे ढकलला जातो. जायकवाडीच्या बाबतीत तेच झालं. तिथला नाथसागर जलाशय हे १९८६ पासूनचं पक्षी अभयारण्य, ३४१ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याला पैठणच्या कहार समाजाच्या मच्छीमारांच्या संघटनेने आव्हान दिलं. हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते फेटाळलं. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या नियमांत अक्षय ऊर्जा ही उत्तेजन देण्याच्या कामांत मोडते, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. निकाल कायद्याला धरून असेल. पण अभयारण्याचीच ही कथा, तर ज्या जिल्ह्यात अभयारण्यच नाही तिथल्या बरडाची बाजू कोणत्या कलमाखाली मांडायची?

सौर प्रकल्प हाच प्राण्यांचा आसरा होऊ शकतो, असंही सांगितलं जातं. आत शिकार नाही, नांगर नाही, पट्ट्यांच्या सावलीत गवत. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्याला कॅलिफोर्नियातल्या टोपाझ प्रकल्पाचा आधार आहे. तिथे किट फॉक्स हा आपल्या खोकडासारखाच छोटा, दुर्मीळ कोल्हा आहे. कुंपणाची जाळी जमिनीपासून थोडी वर उचलून ठेवली, आणि कोल्हे आत-बाहेर करत तिथे राहू लागले. मोठ्या शिकाऱ्यांपासून त्यांना संरक्षणही मिळालं. जालन्यात खोकड, मुंगूस, ससा यांच्यासाठी हे सहज करता येईल. वीतभर फटीला खर्च शून्य आहे. पण काळवीट वीतभर फटीतून जात नाही. त्याच्यासाठी लागते मोकळी वाट, म्हणजे प्रकल्पाच्या दोन भागांमध्ये आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना सोडलेले रुंद पट्टे. आणि कोऱ्या सिमेंटच्या भिंती असतील तर यांतलं काहीच शक्य नाही.

मोजलं तर करता येतं, याचा दाखला ‘समृद्धी’नेच दिला आहे. नागपूर-मुंबई महामार्गाचे सुमारे ४२ किलोमीटर जालना जिल्ह्यातून जातात. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. दोन्ही बाजूंना अडथळा आणि ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असा हा रस्ता प्राण्याच्या दृष्टीने भिंतच आहे. पण त्याच्या आखणीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेतला गेला आणि प्राण्यांसाठी उन्नत मार्ग व भुयारी मार्ग बांधले गेले. असे मार्ग वापरात येतात हे त्याआधीच पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दिसलं होतं. तिथल्या नऊ रचनांखालून वाघासकट कितीतरी जातींचे प्राणी जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. ‘समृद्धी’वर भर पडला तो काटेपूर्णा, कारंजा-सोहळ आणि तानसा या अभयारण्यांच्या परिसरावर. तेही योग्यच. पण निकष अभयारण्याचा ठरला की जालन्यासारखा जिल्हा त्यातून निसटतो. आता जालना-नांदेड द्रुतगती मार्ग येऊ घातला आहे, आणि जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो अजिंठ्याची रांग ओलांडून जाणार. या दोन्ही कामांच्या आखणीत हरणांच्या आणि रोह्यांच्या रोजच्या वाटा धरायला अजून वेळ आहे. मोऱ्या तर बांधायच्याच असतात, त्या कुठे आणि किती उंचीच्या एवढाच प्रश्न.

वीजवाहिन्यांबद्दल थोडक्यात. थरच्या वाळवंटात ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दरवर्षी सुमारे ८४,००० पक्षी तारांना धडकून मरतात, असा वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. माळढोकासाठी तारा जमिनीखाली घेण्याचा वाद २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात गाजला तो याच कारणाने. महाराष्ट्रात नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटरवरून १,२२२ वर आली, आणि माळढोक तर बोटावर मोजण्याइतकाही उरला नाही. जालन्यात वाचवायला माळढोक नाही. पण घाणेवाडीसारख्या जलाशयांच्या आणि गोदावरीच्या पात्राच्या आसपास तारांवर दिसेल अशा चकत्या लावणं हे काही अवघड काम नव्हे.

मग जागा आणायची कुठून? पैठणच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या चंद्रासनला २०१२ मध्येच कालव्यावर सौरपट्ट्या बसल्या. पाण्याची वाफही कमी झाली. हा मार्ग महाग पडतो, कारण सांगाडा भक्कम लागतो आणि कालव्याची साफसफाई अडते. सगळं लक्ष्य त्यावर भागणार नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली छपरंही पुरणार नाहीत, कारण पोलाद वितळवणाऱ्या भट्टीची भूक तिच्याच छपराने भागत नाही, आणि तिथल्या धुळीत पट्ट्या पुसायला माणूस ठेवावा लागेल. पण उपकेंद्रांची आवारं, जुन्या खडी-मुरुमाच्या खाणी, कालव्याच्या कडेच्या संपादित पट्ट्या, खारावलेली आणि पाणथळ होऊन पिकातून गेलेली जमीन आणि भाड्याने द्यायला तयार असलेल्या शेतकऱ्याची हलकी वहितीची जमीन, हा क्रम आधी तपासून मगच गायरानाकडे यावं, एवढं धोरणात लिहिता येतं. सव्वा लाखाच्या दराने कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस न बघता उत्पन्न मिळालं तर त्यात वाईट काय? सरकारचा खर्च वाढेल, हे खरं. आजवर तो खर्च वाचला असं वाटत होतं, कारण तो दुसऱ्याच्या तुरीतून वसूल होत होता.

गायरान द्यायचंच ठरलं, तर त्याआधी तिथे कोण राहतं याची साधी नोंद व्हावी. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. मेंढपाळ, गुराखी आणि रात्री राखण करणारे शेतकरी यांना कळप कुठून येतो, कुठे बसतो, कुठल्या नाल्याने पाण्याला जातो हे ठाऊक असतं. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असतेच. बहुतेक गावांत ती कपाटात आहे. सौर प्रकल्पाच्या प्रस्तावाला जशी उपकेंद्राच्या अंतराची आणि सातबाऱ्याची प्रत जोडतात, तशी या नोंदवहीची पानं जोडणं सक्तीचं केलं, आणि तालुक्यातले सगळे प्रस्ताव एकाच नकाशावर टाकून जिल्हाधिकारी कार्यालयात वनखात्यासमोर ठेवले, तर कुठली जागा द्यायची आणि कुठली सोडायची याचा निर्णय बराचसा आपोआप सुचेल. ही कामं आत्ताच करायला हवीत, कारण या प्रकल्पांचे वीजखरेदी करार २५ वर्षांचे असतात. आज चुकीच्या गायरानावर बसलेलं कुंपण २०५० पर्यंत तिथेच राहणार आहे, आणि काळविटाचं आयुष्य साधारण दहा-पंधरा वर्षांचं.